अध्ययनशैलीचे गृहीतक आणि पनवेलचा वर्ग

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात एकाच इयत्तेचा धडा जितक्या वेगवेगळ्या मुलांपुढे शिकवला जातो, तितके वैविध्य महाराष्ट्रातील थोड्याच तालुक्यांच्या वाट्याला आले असेल. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल या सिडकोने वसवलेल्या वसाहतींत देशाच्या नाना भागांतून आलेली नोकरदार कुटुंबे राहतात. खाडीच्या काठाने आगरी आणि कोळी समाजाची जुनी गावे आहेत, त्यांतली काही विमानतळासाठी उठून नव्या जागी वसली आहेत. आणि माथेरानच्या पायथ्याशी, धोदाणी-मालडुंग्याच्या बाजूला, ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. या सगळ्या मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम ज्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे आहे, ती संस्थाही जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अलिबागला नसून पनवेललाच आहे. त्यामुळे परस्परांहून इतक्या वेगळ्या मुलांना एका वर्गात बसवून कसे शिकवावे, हा प्रश्न येथे केवळ परीक्षेत विचारण्यापुरता राहत नाही.

या प्रश्नाला गेल्या काही दशकांत जगभर एक ठरीव उत्तर मिळत आले आहे आणि शैक्षणिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून, प्रशिक्षणवर्गांतून व पालकसभांतून ते मराठी शाळांपर्यंतही पोहोचले आहे. ते असे की प्रत्येक मुलाची शिकण्याची स्वतःची एक शैली असते. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. शिक्षकाने ही शैली ओळखावी आणि तिला जुळेल अशा पद्धतीने त्या त्या मुलाला शिकवावे. शिकवण्याची पद्धत आणि मुलाची शैली यांचा मेळ बसला की शिकणे सुधारते, असा जो यातील मुख्य दावा आहे त्याला ‘मेळाचे गृहीतक’ म्हणता येईल. हे गृहीतक ऐकायला सहृदय वाटते, मुलांना एकाच मापाने मोजू नये या रास्त इच्छेला ते अनुसरून आहे, आणि तरीही पुराव्याच्या कसोटीवर ते टिकलेले नाही. वर्गातील मुले एकसारखी असतात असा याचा अर्थ मुळीच होत नाही. त्यांच्यातील जे भेद शिकण्यावर खरोखर परिणाम करतात ते निराळ्या जागी असतात, आणि शैलीच्या शोधात त्या जागांकडे दुर्लक्ष होते.

शैलींच्या वर्गीकरणांपैकी सर्वांत प्रसिद्ध वर्गीकरण न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांचे आहे. शाळा तपासनीस म्हणून काम केल्यानंतर विद्यापीठात शिकवत असताना, १९८७च्या सुमारास, त्यांनी एक छोटी प्रश्नावली तयार केली आणि शिकणाऱ्यांचे दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे चार कल मानले. कोलीन मिल्स यांच्यासह १९९२ साली लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी आपली प्रश्नावली ही आणखी एक मापनसूची नसून विद्यार्थ्याला स्वतःच्या अभ्यासाविषयी विचार करायला लावणारे निमित्त आहे, असे सुचवले होते; पुढच्या प्रसारकांनी ही मर्यादा सोडून दिली. त्याआधी १९८४मध्ये डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचे चक्र मांडून त्यावरून शैली ठरवल्या होत्या, आणि इतरांनी सकाळी शिकणारे व संध्याकाळी शिकणारे इथपर्यंत भेद पाडले होते. फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये या सगळ्याचा आढावा घेतला तेव्हा शैलींची ७१ वेगवेगळी प्रारूपे सापडली. एकाच माणसाच्या मनाची ७१ प्रकारे वाटणी करता येत असेल आणि त्या वाटण्या परस्परांशी जुळत नसतील, तर त्यांतली कोणती खरी मानावी याचे उत्तर प्रथम मिळायला हवे होते.

हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३चा बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्तही पुष्कळदा याच गाठोड्यात बांधला जातो, पण तो वेगळा आहे. माणसाची बुद्धी एकसंध नसून भाषिक, गणिती, सांगीतिक, शारीरिक अशा तुलनेने स्वतंत्र क्षमतांची बनलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक मुलाला त्याच्या बुद्धिमत्तेच्या प्रकाराने शिकवावे असा त्यातून निष्कर्ष निघत नाही, आणि आपल्या सिद्धान्ताची अध्ययनशैलींशी गल्लत करू नये असे गार्डनर यांनी स्वतः नंतर जाहीरपणे सांगितले.

मेळाचे गृहीतक तपासायचे कसे, हे २००८ साली हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. प्रथम विद्यार्थ्यांची शैलीनुसार विभागणी करावी; मग प्रत्येक गटातील निम्म्या विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून एका पद्धतीने आणि उरलेल्यांना दुसऱ्या पद्धतीने शिकवावे; शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. पाहून शिकणाऱ्यांना दृश्य पद्धतीने आणि ऐकून शिकणाऱ्यांना श्राव्य पद्धतीने अधिक गुण मिळाले, म्हणजे एका गटाला जी पद्धत लाभली ती दुसऱ्याला लाभली नाही, तरच गृहीतक खरे ठरते. दोन्ही गटांना एकच पद्धत अधिक लाभली तर ती पद्धतच चांगली आहे एवढेच सिद्ध होते आणि शैलीला काही काम उरत नाही. असा काटेकोर प्रयोग केलेली संशोधने या चौघांना फारच थोडी आढळली आणि त्यांतली अनेक गृहीतकाच्या विरोधात जाणारी होती. २०१५ साली बेथ रोगॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढ वाचकांवर याच धर्तीचा प्रयोग केला. ऐकणे आवडणाऱ्यांनी ध्वनिपुस्तक ऐकले किंवा तोच मजकूर पडद्यावर वाचला, तरी त्यांच्या आकलनात आवडीनुसार फरक पडला नाही.

शिक्षकांचा विश्वास मात्र ढळलेला नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्समधील शिक्षकांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अनुक्रमे ९३ आणि ९६ टक्के शिक्षकांनी हे गृहीतक खरे मानले होते, आणि अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०२०मध्ये काढलेले प्रमाण ८९ टक्क्यांच्या आसपास होते. एवढ्या मोठ्या संख्येने अनुभवी माणसे एखादी गोष्ट मानतात तेव्हा त्यांना भोळे म्हणून सोडून देणे योग्य नाही. त्यांना वर्गात काहीतरी दिसते म्हणूनच ती मानतात. त्यांना दिसतात त्या आवडी, आणि आवडी खऱ्याच असतात. एखाद्या मुलाला चित्रे पाहायला आवडते, दुसऱ्याला गोष्ट ऐकायला; पण आवड आणि लाभ एकच असतात असे नाही. शिक्षकांना आणखी एक अनुभव येतो. शैलींच्या नावाने का होईना, धडा नुसता वाचून न दाखवता त्यांनी त्यात चित्र, कृती आणि गप्पा आणल्या की सगळा वर्ग अधिक शिकतो. हा अनुभवही खरा आहे, फक्त त्याचे कारण निराळे आहे.

कॅनडातील ॲलन पेव्हियो यांनी १९७१मध्ये मांडलेल्या द्विसंकेत सिद्धान्तानुसार शब्द आणि प्रतिमा यांची स्मरणातील नोंद दोन वेगळ्या वाटांनी होते, आणि एकच गोष्ट दोन्ही वाटांनी आत गेली की ती आठवण्याची शक्यता वाढते. पुढे रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि त्याचे बोलून केलेले वर्णन एकाच वेळी समोर आले तर आकलन सुधारते, हे अनेक प्रयोगांतून दाखवले. हा नियम दृश्य शैलीच्या किंवा श्राव्य शैलीच्या मुलांसाठी वेगळा नाही, तो डोळे आणि कान असलेल्या सर्वांसाठी आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवताना मूल त्याचा उच्चार मोठ्याने करत असे आणि शेजारच्या मुलांचा उच्चार ऐकत असे. कागदाच्या दुर्भिक्ष्यातून आलेल्या या रीतीत हात, डोळा, तोंड आणि कान एकदमच कामाला लागत. पंतोजींची छडी कोणाला परत आणायची नाही, पण त्यांनी मुलांना गिरवणारे, ऐकणारे आणि पाहणारे असे तीन ओळींत बसवले नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शिकवण्याचे माध्यम मुलाच्या शैलीवरून ठरत नसेल तर ते कशावरून ठरावे? पहिले उत्तर असे की ते शिकवायच्या विषयावरून ठरते. पनवेलच्या खाडीतील भरती-ओहोटी शिकवायची असेल तर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत आल्याची आकृती सर्व मुलांना पाहावीच लागते, कारण अवकाशातील मांडणी नुसत्या शब्दांनी कळत नाही. अनुस्वाराचा उच्चार शिकवायचा असेल तर तो सर्वांना ऐकावाच लागतो, आणि दशक-एकक शिकताना काड्यांचे दहादहाचे गठ्ठे सर्वांनाच बांधावे लागतात. मराठी संख्यांच्या नावांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तिनाचा उल्लेख आधी येतो आणि साठाचा नंतर, लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर येतो. त्यामुळे पहिली-दुसरीतील कितीतरी मुले त्रेसष्टच्या जागी छत्तीस लिहितात. ही अडचण विषयाच्या अंगभूत आहे, कोणत्याही शैलीच्या मुलाला ती सारखीच येते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘साठ तीन’ अशा वाचनाची पर्यायी पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका वारंवार समजावून सांगावी लागली. त्या बदलाविषयी मतभेद असू शकतात, परंतु अडचण नेमकी कोठे आहे याचे निदान करून शिकवण्यात फेरफार करण्याचा तो प्रयत्न होता, आणि तेवढ्यापुरता तो मुलांना चार शैलींत वाटण्यापेक्षा कितीतरी अधिक शास्त्रीय होता.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे उत्तर म्हणजे पूर्वज्ञान, अर्थात धड्याला येण्यापूर्वीच मुलाला त्या विषयातले जे ठाऊक असते ते. भरती-ओहोटीचाच धडा पुन्हा घेतला तर कोळीवाड्यातील मुलाला अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते, हे घरातच कळलेले असते; तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते, हा हिशोबही त्याच्या घरी कोणाला तरी येत असतो. या मुलाला धड्यात फक्त कारण शिकायचे असते. खारघरच्या अकराव्या मजल्यावर वाढलेल्या, खाडीचा चिखल आणि पाणी यांकडे कधी लक्ष न गेलेल्या मुलाला मात्र आधी घटना आणि मग कारण असे दोन टप्पे चढायचे असतात. अपूर्णांकांच्या धड्यात हीच दोन मुले जागा बदलू शकतात. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८पासून विकसित केलेल्या बोधात्मक भाराच्या सिद्धान्तात याचे स्पष्टीकरण मिळते. मनात एका वेळी हाताळता येणाऱ्या माहितीची जागा, जिला कार्यस्मृती म्हणतात, ती फार लहान असते. ज्याला आधीचे काही ठाऊक आहे त्याच्यासाठी अनेक तपशील मिळून एकच घटक बनतो आणि जागा मोकळी राहते, तर नवख्याला प्रत्येक तपशील सुटा उचलावा लागतो. म्हणून नवख्याला पायरीपायरीने सोडवून दाखवलेले उदाहरण लागते आणि जाणकाराला तेच उदाहरण कंटाळवाणे, किंबहुना अडथळा आणणारे ठरते. शिकवणे मुलागणिक बदलायला हवे या म्हणण्याला भक्कम आधार मिळतो तो येथे.

पूर्वज्ञानानुसार शिकवल्याने किती फरक पडतो, याचे सर्वांत चांगले तपासलेले उदाहरण मुंबईतच घडले. मुंबईच्या वस्त्यांतून १९९०च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीत पोहोचूनही अक्षरओळख आणि साधी बेरीज न येणाऱ्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि त्यांना जे येत नाही तेथून शिकवी. एका गटात साधारण १५ ते २० मुले असत. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबई आणि वडोदरा येथे, शाळांची चिठ्ठ्यांनी निवड करून, या उपक्रमाचे मोजमाप केले. पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी गुणवाढ दिसली. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, ०.२८चा अर्थ असा की शंभर मुलांत बरोबर मध्ये असलेले मूल साधारण अकरा जणांना मागे टाकून पुढे जाते. ही वाढ मुख्यत्वे बालसखीकडे जाणाऱ्या मुलांची होती. वर्गातच थांबलेल्या बाकीच्या मुलांना वर्ग लहान झाल्याचा फारसा लाभ झाला नाही. म्हणजे केवळ पटसंख्या कमी केल्याने जे घडले नाही, ते मुलाच्या पातळीपासून सुरुवात केल्याने घडले. या उपक्रमाला पुढे ‘पातळीनुसार अध्यापन’ हे नाव मिळाले आणि तो आफ्रिकेतील अनेक देशांपर्यंत गेला. मुंबईतून निघालेल्या या पद्धतीची चर्चा महाराष्ट्रातील प्रशिक्षणवर्गांत फ्लेमिंग यांच्या चार शैलींहून कमी व्हावी, हे खेदाचे आहे.

पातळी ओळखण्याचे साधनही याच परंपरेतून आले आणि ते अगदी साधे आहे. २००५पासून निघणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालासाठी स्वयंसेवक घरोघरी जाऊन प्रत्येक मुलाला एकेकटे बसवतात आणि अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येते ते पाहतात. २०२४च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. तिसरीचे पुस्तक उघडून धडा सुरू करणारा शिक्षक, देशाची ही सरासरी धरली तर, वर्गातील चौघांपैकी तिघांशी जवळजवळ परक्या लिपीत बोलत असतो. अशा मुलाला दृश्य शैलीचा तक्ता दाखवल्याने त्यावरची अक्षरे त्याला वाचता येऊ लागत नाहीत.

पातळीच्या खालोखाल भाषेचा भेद येतो आणि पनवेल तालुक्यात तो दर दोन गावांनी बदलतो. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. घरी ‘पानी’ आणि ‘डोला’ म्हणणारे मूल श्रुतलेखनात तसेच लिहिते. त्याचा कान नीट काम करत असतो, तो ज्या भाषेवर तयार झाला ती पुस्तकाची नसते, इतकेच. कातकरी मुलाच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. सिडको वसाहतीत हिंदी किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरातून मराठी शाळेत आलेल्या मुलाला तर धड्यातील विज्ञानाआधी धड्याची भाषा शिकावी लागते. पनवेलकडे येणाऱ्या हार्बर मार्गावरच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने वि. गो. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली विज्ञानशिक्षणातील भाषेच्या अडसराचा अभ्यास केला. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसमवेत या केंद्राने काम केले, आणि पाठांची भाषा सोपी केली, वाक्ये लहान केली, अनोळखी संस्कृतप्रचुर शब्द गाळले की ज्या मुलांना विज्ञान ‘जमत नाही’ असे मानले जात होते त्यांनाही ते समजू लागते, हे दाखवून दिले. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यातील कलम २९ शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून आणि कृती, शोध व अन्वेषण यांतून शिकवण्यास सांगते. शैलीचा उल्लेख त्यात नाही.

याहून उघड, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दुर्लक्षित भेद, हजेरीचा आहे. दिवाळी झाली की रायगडमधील पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जूनमध्ये शाळेत बसलेले मूल नोव्हेंबरमध्ये नाहीसे होते आणि पुढच्या जूनमध्ये वरच्या इयत्तेत दाखल होते. भारत सरकारने महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या आहेत, आणि शाळेपुरते बोलायचे तर त्या असुरक्षिततेचा एक भाग या अर्ध्याच वर्षात दडलेला आहे. मुलांच्या जगण्याप्रमाणे शाळेने बदलण्याचे मराठी मुलखातले सर्वांत धाडसी उदाहरण याच प्रकारच्या अडचणीतून जन्मले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढले. पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षिका गुरांमागे कुरणात गेली. या शाळेला कुरणशाळा असेच नाव पडले. माँटेसरींच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया आणि काड्या वापरण्यामागेही शैलीचा विचार नव्हता, परिसराचा आणि परवडण्याचा होता.

शरीरातील अडचणीही शैलीच्या नावाखाली झाकल्या जातात. फळ्याकडे न पाहता नुसते ऐकत बसणाऱ्या मुलाला ‘श्राव्य शैलीचे’ म्हणून समाधान मानले तर त्याला चष्म्याची गरज आहे हे वर्षभर कळणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांत होणाऱ्या तपासणीचा उपयोग अशा वेळी शैलीच्या कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक आहे. ‘तारे जमीं पर’ या २००७च्या चित्रपटामुळे घरोघरी माहीत झालेली वाचनअक्षमता ही तर मुळीच शैली नव्हे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मानलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि अशा मुलाला चित्रे दाखवून वाचनापासून सूट देण्याऐवजी अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध अधिक सावकाश, अधिक पद्धतशीरपणे व अधिक वेळा शिकवावा लागतो.

अध्ययनशैलीचा समज चुकीचा असला तरी निरुपद्रवी आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात पालक, शिक्षक आणि मुले या तिघांनीही ‘पाहून शिकणाऱ्या’ मुलाला ‘हाताने करून शिकणाऱ्या’ मुलापेक्षा अधिक बुद्धिमान ठरवले. प्रत्यक्षात त्या काल्पनिक मुलांविषयी त्यांना शैलीखेरीज फारसे काही सांगितलेले नव्हते. आपल्याकडे या शिक्क्याला आणखी एक पदर आहे. वाडीवरची मुले ‘कृतीतूनच’ शिकतात, आगऱ्यांच्या मुलांचा ‘हात चांगला’ असतो, अशी वाक्ये कौतुकाच्या सुरात बोलली जातात आणि त्यांचा शेवट पुष्कळदा त्या मुलांच्या हाती पुस्तक कमी आणि मातीकाम जास्त देण्यात होतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलाला वाचन ही त्याची शैली नाही असे सांगणे, मग ते कितीही आधुनिक परिभाषेत सांगितलेले असो, जुनीच गोष्ट नव्याने सांगणे आहे. कातकरी मुलाला जंगलातील झाडे, पक्षी आणि खेकडे यांचे जे ज्ञान असते ते विज्ञानाच्या धड्यात पूर्वज्ञान म्हणून जरूर वापरावे; वाचनाला पर्याय म्हणून वापरू नये.

व्यवहाराच्या बाजूने पाहिले तरी शैलीनुसार अध्यापन शिक्षकाला झेपणारे नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. पहिली ते चौथीच्या अशा द्विशिक्षकी शाळेत प्रत्येकाकडे दोन इयत्ता येतात, आणि एका विषयाच्या एका तासासाठी चार शैलींप्रमाणे त्याला आठ पाठटाचणे लिहावी लागतील. पातळीनुसार गट केले तर हेच बहुवर्ग अध्यापन उलट सोपे होते, कारण इयत्तांची भिंत ओलांडून अक्षरे वाचणारी, शब्द वाचणारी आणि परिच्छेद वाचणारी अशा तीन गटांत सर्व मुले बसतात, आणि पुढे गेलेला गट स्वतः वाचत असताना शिक्षक मागच्या गटाजवळ बसू शकतो. येथे एक धोका आहे आणि तो लहान नाही. पातळीचे गट कायमचे झाले की त्यांची ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ तुकडी होते, आणि ‘क’ तुकडीतले मूल वर्षभरात स्वतःला ‘ढ’ समजू लागते. म्हणून हे गट दिवसातील तासा-दीड तासापुरते आणि फक्त भाषा व गणित या पायाभूत विषयांपुरते असावेत, दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलांची जागा बदलावी, आणि बाकीचा वेळ सगळा वर्ग एकत्र असावा. वाचनात मागे असलेले मूल गणितात पुढच्या गटात बसलेले सर्वांना दिसले, तर शिक्का बसण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

रोजच्या अध्यापनातील काही गोष्टी तर सर्वच मुलांसाठी सारख्या लाभदायक आहेत आणि त्यांना वेगळा खर्च नाही. कालचा धडा आज पुस्तक मिटून आठवायला लावणे ही त्यांतली पहिली. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६मध्ये दाखवले की मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून पाहिल्याने तो अधिक काळ लक्षात राहतो. सर्व मुलांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी एकदम वर धरली तर शिक्षकाला अर्ध्या मिनिटात सगळ्या वर्गाची स्थिती कळते, आणि हुशार तीन मुलांच्या हात वर करण्यावरून ‘समजले’ असे धरून पुढे जाण्याची चूक टळते.

शासकीय धोरणाची दिशा अलीकडे याच बाजूला वळली आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे यावरच आहे. प्रशिक्षण संस्था, केंद्रप्रमुख आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदा यांनी आता शैलींच्या प्रश्नावल्या बाजूला ठेवून वर्ग सुरू होताच प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घेण्याचा, चार उदाहरणे सोडवून घेण्याचा, त्याची घरची बोली, नजर आणि गेल्या वर्षीची हजेरी नोंदवण्याचा आग्रह धरावा. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर हे काम अडीच तासांत होते, आणि ते शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच उरकून घ्यावे.